स्पॅनिश क्रियापदाचा आघात: कुठे तोडायचं, कुठे जोर द्यायचा

स्पॅनिश शिकायला घेतलं की क्रियापदांचे तक्ते हातात पडतात आणि बहुतेकजण ते पाढ्यांसारखे पाठ करतात. पाठ होतातही. खरी अडचण बोलताना येते. ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’ आणि ‘आब्लो’ म्हणजेच ‘तो बोलला’. वर्ण तेच, क्रम तोच. पहिल्यात जोर ‘आ’वर आहे, दुसऱ्यात ‘ब्लो’वर. जोर चुकला तर समोरच्याला कर्ता वेगळा ऐकू येतो आणि काळही. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हे टिपायची सवयच नसते. ती लावून घेतली की निम्मे तक्ते पाठ करावे लागत नाहीत. हा लेख त्या सवयीसाठी आहे.

आधी इथली लिहिण्याची पद्धत सांगतो. अक्षर म्हणजे छंदशास्त्रात म्हणतात तसा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. छापलेल्या चिन्हाला मी वर्ण म्हणेन. अक्षरं छोट्या रेघेने तोडली आहेत आणि आघात असलेलं अक्षर चौकोनी कंसात आहे. स्पॅनिश लेखनात त्या अक्षरातल्या स्वरावर तिरकी रेघ, म्हणजे तिल्दे, येत असेल तर कंसात ´ ही खूण केली आहे. तेव्हा मी बोलतो: [आ]-ब्लो. तो बोलला: आ-[ब्लो´]. ऱ्हस्व-दीर्घाकडे फार बघू नका, स्पॅनिशमध्ये तो भेद नाही. आघात असलेला स्वर थोडा लांबतो इतकंच. त आणि द आपल्यासारखे दंत्यच, ट-ड नव्हेत. ‘एच’ हा वर्ण लिहितात पण उच्चारत नाहीत.

पहिली पायरी: कानाने तोडणे

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: [को]-मो (मी जेवतो), [बी]-बो (मी राहतो). दोन व्यंजनं असतील तर एक मागे, एक पुढे: [कान्]-तो (मी गातो). आता अपवाद, आणि तो पक्का लक्षात ठेवायचा: प, ब, क, ग, फ यांच्यापुढे र किंवा ल आला, अथवा त, द यांच्यापुढे र आला, तर ती जोडी फुटत नाही. [आ]-ब्लो, [आ]-ब्रो (मी उघडतो), [एन्]-त्रो (मी आत येतो). तीन व्यंजनं आली तरी हाच नियम: कोम्-[प्रार] (विकत घेणे). ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला कधीच चिकटत नाही, तो मागेच राहतो: एस्-तु-[द्यार] (अभ्यास करणे).

मराठी माणूस हटकून इथे अडखळतो. ‘पत्र’ आपण ‘पत्-त्र’ म्हणतो, ‘अब्रू’ ‘अब्-ब्रू’ म्हणतो. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे आपल्या जिभेत मुरलेलं आहे. त्या सवयीने ‘आब्लो’चं ‘आब्-ब्लो’ होतं. स्पॅनिश कानाला ते विचित्र वाटतं. ‘आ’ मोकळा सोडायचा आणि मग ‘ब्लो’ एकदम म्हणायचं.

स्वरांचे दोन गट आहेत. आ, ए, ओ हे सबळ. इ, उ हे दुबळे. दोन सबळ स्वर शेजारी आले तर दोन अक्षरं होतात: [ले]-ओ (मी वाचतो), [का]-एन (ते पडतात). दुबळा आणि सबळ शेजारी आले आणि दुबळ्यावर आघात नसला तर दोघांचं मिळून एकच अक्षर होतं. देवनागरीची इथे मदतच होते, कारण असा दुबळा स्वर आपण आपोआप य किंवा व असा लिहितो: एस्-[तू]-द्यो (मी अभ्यास करतो), [ब्वेल्]-बो (मी परततो).

दुसरी पायरी: आघाताचा नियम

नियम एका दमात सांगता येतो. शब्दाचा शेवट स्वराने, ‘एन’ने किंवा ‘एस’ने होत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, दुसऱ्या कुठल्याही वर्णाने होत असेल तर शेवटच्या अक्षरावर. प्रत्यक्ष उच्चार या नियमाशी जुळत नसेल तर जिथे आघात आहे तिथे तिल्दे द्यायची. शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात असेल तर तिल्दे हवीच. शिक्षक या तीन प्रकारांना अनुक्रमे याना (शेवटून दुसरं), आगूदा (शेवटचं) आणि एस्द्रूखुला (शेवटून तिसरं) म्हणतात. नावं वर्गात कानावर पडतील, म्हणून सांगितली. त्यांच्यावाचून अडत नाही.

मूळ रूपं सगळी ‘र’ने संपतात, म्हणून आघात शेवटी आणि सहसा तिल्दे नाही: आ-[ब्लार], को-[मेर], बि-[बीर]. आर, एर, ईर हे तीन गण. स्पॅनिशचं प्रत्येक क्रियापद यांतल्या एका गणात बसतं.

आता स्वरांच्या पंगतीत एन आणि एस हेच दोघे का बसले? बोलणे या क्रियापदाचा वर्तमानकाळ बघा. मी [आ]-ब्लो, तू [आ]-ब्लास, तो [आ]-ब्ला, आम्ही आ-[ब्ला]-मोस, तुम्ही आ-[ब्लाइस´], ते [आ]-ब्लान. ‘तू’चा प्रत्यय स, ‘ते’चा न. शिवाय नामाचं अनेकवचनही ‘स’नेच होतं. हे प्रत्यय लागल्याने आघात हलत नाही. नियम फक्त स्वरांपुरता ठेवला असता तर ‘आब्लास’, ‘आब्लान’ आणि त्यांच्यासारख्या हजारो रूपांवर तिल्दे द्यावी लागली असती. शेपटी मोजायची नाही, अशी ही सोय आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे प्रत्यय ओळखीचे वाटतील. पठसि मधला ‘सि’, पठामः मधला ‘मः’, पठन्ति मधला ‘न्ति’ घ्या आणि त्यांच्यासमोर आब्लास, आब्लामोस, आब्लान ठेवा. हा योगायोग नव्हे. स्पॅनिशने हे प्रत्यय लॅटिनकडून घेतले आणि लॅटिन व संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. प्रत्ययावरून कर्ता कळतो म्हणून स्पॅनिश माणूस सर्वनाम सहसा गाळतो. ‘येतोस का?’ म्हणताना आपण तेच करतो.

तिसरी पायरी: अर्थाने तोडणे

कानाने तोडणं झालं. त्याच शब्दाला दुसऱ्या जागी सुरी लावली की अर्थाचे तुकडे पडतात. ‘आब्लाबामोस’ म्हणजे ‘आम्ही बोलत असू’, ‘बोलत होतो’. कानाने तो असा तुटतो: आ-[ब्ला´]-बा-मोस. अर्थाने असा: आब्ल् + आ + बा + मोस. आब्ल् हा धातू. ‘आ’ हा गणाचा स्वर. संस्कृतात पठ् + अ + ति मधला अ करतो तेच काम. ‘बा’ सांगतो की गोष्ट भूतकाळात चालू होती. ‘मोस’ म्हणजे आम्ही. क्रम नेहमी हाच: धातू, गण, काळ, पुरुष. ‘आम्ही जेवत होतो’ हे को-[मी´]-आ-मोस. अर्थाने कोम् + ई + आ + मोस.

दोन्ही तोडण्या एकाच जागी येत नाहीत. धातूतला ‘ल्’ उच्चारात पुढच्या स्वराकडे पळतो. नवशिके धातू ओळखायला शिकले की बोलतानाही धातूपाशी थांबतात, ‘आब्ल... आमोस’ असं तुटक बोलतात. उच्चार कानाच्या तोडणीने करायचा, अर्थाची तोडणी मनात ठेवायची. चारही खाने दर वेळी भरलेले असतील असंही नाही. ‘आब्लो’मध्ये गणाचा स्वर गळून गेलाय आणि एकटा ‘ओ’ काळ-पुरुष सगळं सांभाळतो. ‘आब्ला’मध्ये पुरुषाचा खाना रिकामा आहे.

चौथी पायरी: वर्तमानकाळ

वर्तमानकाळात चार रूपांत (मी, तू, तो, ते) आघात धातूवर असतो. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांत तो धातू सोडून पुढे सरकतो. हा ‘तुम्ही’ म्हणजे स्पेनमध्ये मित्रमंडळींना वापरतात ते अनेकवचन. अमेरिका खंडातल्या स्पॅनिशमध्ये ते वापरात नाही, तिथे ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि क्रियापद ‘ते’चं घेतात.

स्पॅनिशमधली सगळ्यात बदनाम अनियमितता या चार विरुद्ध दोनमधूनच निघते. पेन्सार (विचार करणे) बघा: [प्येन्]-सो, [प्येन्]-सास, [प्येन्]-सा, पेन्-[सा]-मोस, पेन्-[साइस´], [प्येन्]-सान. धातूवर आघात आहे तिथे ‘ए’चा ‘ये’ झाला. आघात सरकला तिथे ‘ए’ तसाच राहिला. ओ असला तर ‘वे’ होतो: [प्वे]-दो (मला जमतं), पण पो-[दे]-मोस, [द्वेर्]-मो (मी झोपतो), पण दोर्-[मी]-मोस. कारण ऐतिहासिक आहे. लॅटिनमधले विशिष्ट ए आणि ओ आघाताखाली दुभंगले, आघाताबाहेर शाबूत राहिले. क्रियापदांच्या बाहेरही हे दिसतं: दात म्हणजे [द्येन्]-ते, दंतवैद्य मात्र देन्-[तीस्]-ता.

कुठलं क्रियापद दुभंगेल हे मूळ रूपावरून ओळखता येत नाही. को-[मेर] चं [को]-मो असं साधंच होतं. म्हणून शब्द शिकतानाच ‘मी’चं रूप सोबत शिकायचं. पे-[दीर] (मागणे) सारख्या काहींत ‘ए’चा ‘इ’ होतो: [पी]-दो, पे-[दी]-मोस. खु-[गार] (खेळणे) हे ‘उ’चा ‘वे’ करणारं एकटंच: [ख्वे]-गो, खु-[गा]-मोस. बदल निराळे, पण जागा त्याच चार. पुस्तकांत या चार रूपांभोवती रेघ ओढून बुटाचा आकार काढतात. चित्र काढायला हरकत नाही, मात्र बुटाच्या आत आघात आहे हे क्वचितच सांगितलं जातं आणि मुलं नुसता बूट पाठ करतात.

याचा उत्तम पडताळा अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये मिळतो. तिथे ‘तू’ला ‘बोस’ म्हणतात आणि त्याच्या रूपांत आघात शेवटी असतो: आ-[ब्लास´], को-[मेस´]. आघात धातूवर नाही, मग स्वरही दुभंगत नाही: पेन्-[सास´], पो-[देस´]. बुएनोस आइरेसच्या माणसाला ऐकून ही चूक आहे की काय असं वाटलं तर थांबा, नियम तिथे तंतोतंत पाळला जातोय.

एक महत्त्वाचं बंडखोर क्रियापद, एस्-[तार] (असणे): एस्-[तोय], एस्-[तास´], एस्-[ता´], एस्-[तान´]. आघात धातूऐवजी शेवटी. लॅटिनमध्ये ही रूपं ‘स्तास’ अशी एकाच अक्षराची होती; सुरुवातीचा ए पुढे उच्चाराच्या सोयीसाठी चिकटला. आघात आपल्या जुन्या जागी बसून राहिला.

पाचवी पायरी: भूत आणि भविष्य

साध्या भूतकाळात नियमित क्रियापदांचा आघात साही रूपांत धातूबाहेर असतो: आ-[ब्ले´] (मी बोललो), आ-[ब्लास्]-ते, आ-[ब्लो´], आ-[ब्ला]-मोस, आ-[ब्लास्]-तेइस, आ-[ब्ला]-रोन. ‘आम्ही’चं रूप आणि वर्तमानातलं ‘आम्ही’चं रूप सारखंच, अर्थ संदर्भाने लावायचा.

काही जुन्या, रोजच्या क्रियापदांत मात्र ‘मी’ आणि ‘तो’ या रूपांचा आघात धातूवरच राहिला: [तू]-बो (त्याच्याकडे होतं), [दी]-खो (तो म्हणाला), [पू]-दो (त्याला जमलं). शेवटी स्वर, आघात शेवटून दुसरा, म्हणजे तिल्दे नाही. ‘आब्लो’वर तिल्दे पाहिलेली असल्याने इथेही ती देऊन मोकळं होणं ही वह्यांमधली नेहमीची चूक.

कानाच्या सरावाला सगळ्यात चांगली त्रिकुटं इथेच मिळतात. [तेर्´]-मि-नो म्हणजे मुदत, शेवट, हे नाम. तेर्-[मी]-नो: मी संपवतो. तेर्-मि-[नो´]: त्याने संपवलं. तसंच [पू´]-ब्लि-को म्हणजे जनता, पु-[ब्ली]-को मी प्रसिद्ध करतो, पु-ब्लि-[को´] त्याने प्रसिद्ध केलं. वर्तमानकाळाचं रूप एकटं असताना त्याचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर कधीच जात नाही, एवढं कळलं की अशा त्रिकुटातलं नाम कोणतं ते लगेच ओळखू येतं.

भविष्यकाळ सोपा आहे, कारण तो मुळात दोन शब्दांचा होता: मूळ रूप आणि पुढे ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये या दोघांच्या मध्ये सर्वनाम घुसू शकत असे. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते आजही घुसतं. गोव्यात कुणाच्या घरी जुने पोर्तुगीज कागद असतील तर त्यांत सापडेल. दुसऱ्या शब्दाचा आघात टिकला म्हणून भविष्यात जोर कायम शेवटच्या प्रत्ययावर: आ-ब्ला-[रे´], आ-ब्ला-[रास´], आ-ब्ला-[रा´], आ-ब्ला-[रे]-मोस, आ-ब्ला-[रेइस´], आ-ब्ला-[रान´]. फक्त ‘आम्ही’ला तिल्दे नाही, कारण तिथे आघात आपसूकच शेवटून दुसऱ्यावर येतो. याचा जुळा भाऊ आ-[ब्ला]-रा, म्हणजे ‘तो बोलला असता तर’मधलं रूप. आ-ब्ला-[रा´] आणि आ-[ब्ला]-रा मोठ्याने आलटून पालटून म्हणा.

चालू भूतकाळात आर गणाच्या फक्त ‘आम्ही’ला तिल्दे आहे, आ-[ब्ला´]-बा-मोस, कारण तेवढंच रूप शेवटून तिसऱ्यावर जातं. एर-ईर गणांतल्या नियमित क्रियापदांत मात्र साही रूपांना आहे. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे.

सहावी पायरी: दुबळा स्वर हट्टाला पेटतो तेव्हा

दुबळ्या इ किंवा उ वरच आघात पडला आणि शेजारी सबळ स्वर असला तर दोघे वेगळे होतात, आणि हे दाखवायला तिल्दे द्यावीच लागते. दुसरा कुठलाही नियम इथे चालत नाही. को-[मी´]-आ (तो जेवत होता) वरची रेघ काढली तर ते वाचताना [को]-म्या होईल. अर्थ कसा बदलतो बघायचं तर लॅटिन अमेरिकन उच्चारात आ-[सी´]-आ म्हणजे ‘तो करत होता’ आणि [आ]-स्या म्हणजे ‘च्या दिशेने’. मध्ये न उच्चारला जाणारा एच असला तरी फरक पडत नाही: प्रो-[ई´]-बो (मी मनाई करतो), तिल्देसह.

‘इआर’ने संपणाऱ्या क्रियापदांचे यामुळे दोन तट पडतात. अभ्यास करणे: एस्-[तू]-द्यो. भरवसा ठेवणे: कोन्-[फी´]-ओ. कोण कुठल्या तटात, ते शब्दकोशातच बघायचं. इ आणि उ एकमेकांशेजारी आले तर लेखनाच्या दृष्टीने ते नेहमी एकच अक्षर, म्हणून ‘कोन्स्-[त्रुई]-दो’ला (बांधलेलं) तिल्दे नाही, पण ‘ले-[ई´]-दो’ला (वाचलेलं) आहे.

सातवी पायरी: शेपटीला सर्वनामं

आज्ञार्थ, मूळ रूप आणि ‘करत’ या अर्थाचं रूप यांना सर्वनामं मागून चिकटतात. इथे एकच सूत्र: आघात जागचा हलत नाही, शेपटी वाढते. म्हणून मूळ शब्दाला नसलेली तिल्दे उगवते. [दा]-मे (मला दे), पण [दा´]-मे-लो (ते मला दे). कोम्-[प्रार]-लो (ते विकत घेणे), पण कोम्-[प्रार´]-से-लो (ते त्याला घेऊन देणे). दि-[स्येन्´]-दो-मे-लो (मला ते सांगत) मध्ये आघात शेवटून चौथ्यावर गेलाय. ‘बस’ म्हणायला [स्येन्´]-ता-ते. बुएनोस आइरेसमध्ये सेन्-[ता]-ते, तिल्दे नाही आणि ‘ये’ही नाही, दोन्ही एकाच कारणाने.

उलटही घडतं. ‘एस्-[ता´]’ला ‘ते’ लागून झालेल्या एस्-[ता]-ते (राहा, थांब) वर तिल्दे नको, कारण आता आघात नियमातच बसला. 1999 पूर्वीच्या पुस्तकांत ती दिसेल. स्पॅनिश लेखनाचे नियम ठरवणाऱ्या अकादमीच्या त्या वर्षीच्या नियमांनी ती काढली.

एकाक्षरी रूपांना साधारणपणे तिल्दे नसतेच: फ्वे (तो गेला), द्यो (त्याने दिलं), ब्यो (त्याने पाहिलं). जुन्या छापील पुस्तकात यांवर रेघ दिसली तर गोंधळू नका. 1952 मध्ये ठरलेल्या आणि 1959 पासून सक्तीच्या झालेल्या नियमांआधी ती देत असत. ‘ग्यो’ (त्याने वाट दाखवली) सारख्या रूपांवरची रेघ 2010 मध्ये निघाली. दोन एकाक्षरी रूपांवर मात्र ती आहे: ‘से’ (मला माहीत आहे) आणि ‘दे’ (द्यावं), कारण तशीच दिसणारी एक सर्वनाम आणि एक शब्दयोगी शेजारी उभी आहेत.

सराव असा करा. एक क्रियापद घ्या, साही रूपं तिल्दे न देता लिहा, मोठ्याने म्हणत आघाताच्या अक्षरावर टेबलावर बोट आपटा, आणि मग नियम लावून तिल्दे कुठे लागते ते ठरवा. तक्ता सगळ्यात शेवटी उघडा. सुरुवातीला गाण्याची ही चार रूपं: कान्ताबान (ते गात होते), कान्तारान (ते गातील), कान्तारान (ते गायले असते तर), कान्तारामोस (आम्ही गायलो असतो तर). उत्तरं: कान्-[ता]-बान, तिल्दे नाही. कान्-ता-[रान´]. कान्-[ता]-रान, तिल्दे नाही. कान्-[ता´]-रा-मोस. मोबाईलवर स्वराची कळ दाबून धरली की तिल्देचा स्वर वर येतो. स्पॅनिश कळफलक आधी सुरू करून घ्या, नाहीतर इंग्रजी स्वयंदुरुस्ती तुमच्या तिल्दे पुसत राहील.